वेस्टर्न सिनेमातले घोडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने काउबॉय पिक्चर बघणाऱ्या मंडळींकडून तेच तेच प्रश्न येत असतात, म्हणून सगळे एका ठिकाणी केलेत. सुरुवातीला सोपे, पुढे पुढे किचकट. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. मला यातलं काहीच माहीत नाही. कुठला हिरो कुठला घोडा, एकदा सांगून टाका ना.

रॉय रॉजर्सचा ट्रिगर. जीन ऑट्रीचा चॅम्पियन. टॉम मिक्सचा टोनी. विल्यम एस. हार्टचा फ्रिट्झ. हॉपअलाँग कॅसिडी झालेल्या विल्यम बॉइडचा टॉपर. लोन रेंजरचा सिल्व्हर आणि त्याचा जोडीदार टॉन्टो याचा स्काउट. केन मेनार्डचा टार्झन (हो, घोड्याचंच नाव), टेक्स रिटरचा व्हाइट फ्लॅश, रेक्स ॲलनचा कोको, डेल एव्हान्सचा बटरमिल्क. ही सगळी पोस्टरवर नाव येणारी जनता. जेम्स स्टुअर्टचा पाय (इंग्रजीतला Pie, आपला मराठी पाय नव्हे) आणि जॉन वेनचा डॉलर हे जरा वेगळ्या पंगतीतले, त्यांचं प्रश्न ८ आणि १० मध्ये येईल.

२. पहिला स्टार घोडा कोण? ट्रिगरच ना?

नाही हो, ट्रिगर खूप नंतरचा. मूकपटांच्या काळात विल्यम एस. हार्टचा फ्रिट्झ होता, तपकिरी-पांढरा अबलख, अंगानं लहानसा, आणि पब्लिकला हार्टइतकाच लाडका. हार्टनं १९२२ मध्ये एक पुस्तक काढलं आणि त्यावर लेखक म्हणून आपल्या अबलख घोड्याचं नाव लावलं, म्हणजे आत्मचरित्र घोड्याचं, यावरून काय क्रेझ असेल बघा. फ्रिट्झ १९३८ मध्ये गेला, कॅलिफोर्नियात न्यूहॉलला हार्टच्या रँचवरच त्याला पुरलंय.

त्याच्या पाठोपाठ टॉम मिक्सचा टोनी. १९२२ मध्ये चक्क घोड्याच्या नावानं ‘जस्ट टोनी’ असा पिक्चर आला होता. १९२७ मध्ये हॉलिवूडच्या ग्रॉमन चायनीज थिएटरच्या आवारात ओल्या सिमेंटमध्ये मिक्सच्या हातापायाच्या ठशांशेजारी टोनीच्या टापांचे ठसे घेतले. असा मान पुढे फक्त ट्रिगर आणि चॅम्पियनला मिळाला, दोघांना १९४९ मध्ये. मिक्स १९४० मध्ये ॲरिझोनात कार अपघातात गेला, म्हातारा टोनी त्याच्यानंतर दोन वर्षं जगला.

३. ट्रिगरचं एवढं कौतुक का? घोडाच तर होता.

दिसायचाच तसा. सोनेरी अंग, पांढरीशुभ्र आयाळ आणि शेपूट, आणि डाव्या मागच्या पायाला एकच पांढरा मोजा. जन्म १९३४ च्या आसपासचा, मूळ नाव गोल्डन क्लाउड. रॉय रॉजर्सला भेटायच्या आधीच तो सिनेमात येऊन गेला होता, १९३८ च्या रॉबिन हूडच्या पिक्चरमध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंड ज्या घोड्यावर बसलीय तो हाच. हे कळल्यावर तो पिक्चर परत लावून बघा, तिच्याकडे लक्षच जात नाही.

तेव्हा तो हडकिन्स नावाच्या भाड्याच्या तबेल्याचा होता. १९३८ मध्येच रिपब्लिक कंपनीनं रॉयला पहिल्यांदा हिरो केलं आणि बसायला घोडा निवड म्हणून काही घोडे समोर आणले, त्यातून रॉयनं हा निवडला. ट्रिगर हे नाव कॉमेडियन स्माइली बर्नेटनं सुचवलं अशी गोष्ट सांगतात. पुढे रॉयनं तो २५०० डॉलरला विकत घेतला, त्या काळात ही रक्कम म्हणजे डोक्यावरून पाणी. पण रॉयचा हिशोब पक्का होता, स्टुडिओच्या मालकीचा घोडा राहिला तर उद्या दुसऱ्याला देतील, आपला असला की आपलीच जोडी.

नंतर ट्रिगरच्या नावाची कॉमिक्स निघाली, खेळणी निघाली, जाहिरातीत ‘सिनेमातला सर्वात हुशार घोडा’ असं छापायचे. पिक्चरच्या नावांच्या पाटीत रॉयनंतर लगेच ट्रिगर. बिचारी हिरॉइन त्याच्या खाली.

४. ट्रिगर खरंच एकच होता का? काही सीनमध्ये वेगळा वाटतो.

तुमची नजर चांगली आहे. एक नव्हता. आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी मजा इथेच आहे, नाव एकाचं आणि राबणारे तिघं-चौघं.

मूळ ट्रिगर क्लोजअप, हिरोला घेऊन भरधाव पळणं, दोन पायांवर उभं राहणं हे करायचा. पण रॉय गावोगाव दौरे करायचा, थिएटरच्या स्टेजवर, हॉस्पिटलात आजारी पोरांना भेटायला, हॉटेलच्या लॉबीत, तिथे जायचा लिटल ट्रिगर. करामती घोडा हाच. ग्लेन रँडल नावाच्या चाबुकस्वारानं त्याला इतकं शिकवलं होतं की तोंडात पेन्सिल धरून हॉटेलच्या रजिस्टरमध्ये फुली मारायचा. आणि घरात-हॉटेलात घाण करायची नाही हे पण शिकवलेलं, जे घोड्याला शिकवणं म्हणजे काय दिव्य असेल ते तबेल्यात काम केलेल्या माणसालाच विचारा. १९५२ च्या ‘सन ऑफ पेलफेस’ मध्ये बॉब होप घोड्यासोबत एका पलंगावर पांघरुणासाठी भांडतो, तो घोडा लिटल ट्रिगर. तिसरा ट्रिगर ज्युनिअर, तो टेनेसी वॉकर जातीचा आणि नाचाच्या चालींमध्ये पटाईत. याशिवाय लांबच्या शॉटमध्ये, दरीबिरीत पळवायला वेगळे डबल.

ओळखायचं कसं? पाय बघा. मूळ ट्रिगरचा एकच पाय पांढरा, लिटल ट्रिगरचे चारही पांढरे आणि कपाळावरचा पट्टा पण रुंद, म्हणजे आपल्याकडचे जुने लोक ज्याला पंचकल्याणी म्हणतात तसा. एकाच पिक्चरमध्ये हिरो टेकडीवर एका घोड्यावर चढतो आणि दुसऱ्यावर उतरतो, पॉज करून बघा.

५. मग चॅम्पियन आणि सिल्व्हर पण तसेच डुप्लिकेट?

डुप्लिकेट म्हणू नका, वाईट वाटतं. पण हो, जास्तच होते. मूळ चॅम्पियन गडद तांबूस, तीन पाय पांढरे आणि उजवा पुढचा काळपट, थोडक्यात पंचकल्याणीला एक पाय कमी. जीन ऑट्री दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असताना तो गेला. युद्धानंतरच्या पिक्चरांमध्ये दिसतो तो चॅम्पियन ज्युनिअर, त्याचे चारही पाय पांढरे. दौऱ्यांसाठी आणखी वेगळा, आणि त्या दौऱ्यावाल्यालाच १९४० मध्ये कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला विमानानं नेला होता, रोडिओसाठी, म्हणजे काउबॉय लोकांच्या घोडेस्वारी-दोरफेकीच्या खेळांसाठी. माणसं विमानात बसायला घाबरायची तेव्हाची गोष्ट.

सिल्व्हरची गंमत अशी की तो आधी आवाज होता. लोन रेंजर १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या रेडिओवर सुरू झाला, घोडा कोणी बघितलेलाच नाही, फक्त टापा आणि ‘हाय-यो सिल्व्हर’ची आरोळी. १९४९ मध्ये टीव्हीवर आला तेव्हा पोरांच्या डोक्यातला पांढरा घोडा शोधणं भाग पडलं, आणि त्या मालिकेतही किमान दोन घोड्यांनी ते काम केलं.

६. ट्रिगरमध्ये भुसा भरून ठेवलाय हे खरं का? शी!

खरंय, पण भुसा नाही. १९६५ मध्ये, वय तिशीच्या पुढे असताना, रॉयच्या रँचवर ट्रिगर गेला. रॉयला त्याला पुरवेना, आणि त्याची बायको डेल एव्हान्सचं म्हणणं होतं की चांगलं दफन करावं. शेवटी रॉयनं त्याचं कातडं एका साच्यावर चढवून घेतलं, दोन पायांवर उभा, अंगावर पूर्ण साज. पुढे बटरमिल्क आणि त्यांचा कुत्रा बुलेट यांचं पण तसंच केलं. रॉय तर गमतीनं सांगायचा की मी मेलो की माझं पण कातडं काढा आणि मला ट्रिगरवर बसवा.

हे सगळं त्यांच्या म्युझियममध्ये होतं, आधी कॅलिफोर्नियात, मग मिसुरीतल्या ब्रॅन्सनला. बघायला येणारी पिढी म्हातारी झाली, नवीन पोरांना रॉय रॉजर्स कोण ते माहीत नाही, २००९ मध्ये म्युझियम बंद पडलं. २०१० मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये लिलाव झाला आणि नेब्रास्काच्या आरएफडी-टीव्ही या ग्रामीण चॅनेलनं ट्रिगर २,६६,५०० डॉलरला घेतला. त्याच लिलावात ट्रिगरच्या चांदीनं मढवलेल्या खोगिराला ३,८६,५०० डॉलर आले. घोड्यापेक्षा खोगीर महाग, आता यावर काय बोलणार.

शी म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की मला पण ते फोटो बघवत नाहीत. पण रॉयनं नाटक केलं असं नाही वाटत, त्याला खरंच सोडवत नव्हतं.

७. सगळ्या हिरोंचे घोडे पांढरे नाहीतर सोनेरीच का? काळा का नाही?

कारण पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट. दगड करडे, झुडपं करडी, धूळ करडी, त्यात वीस घोडे पळतायत, हिरो कोणता हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेतल्या पोराला एका क्षणात कळलं पाहिजे. पांढरा, सोनेरी किंवा अबलख घोडा झटकन उठून दिसतो. व्हिलनच्या टोळीला बहुतेक काळपट-तपकिरी घोडे, ते एकमेकांत मिसळून गेले तरी चालतं, उलट बरंच.

काळे घोडे होते की. मूकपटांच्या काळात रेक्स नावाचा काळा घोडा होता, रानटी घोड्यांचा राजा म्हणून गाजलेला आणि सेटवर माणसांच्या अंगावर धावून जाण्याबद्दल बदनाम. टीव्हीवर १९५५ पासून ‘फ्युरी’ मालिका चालली, तिच्यातला काळा घोडा हायलंड डेल, तोच ‘जायंट’ मध्ये पण आहे. रॉकी लेनचा ब्लॅक जॅक पण काळा, त्याची गोष्ट प्रश्न १९ मध्ये आहे.

८. जॉन वेनचा घोडा कुठला? त्याचं टोपणनाव ड्यूक हे घोड्यावरूनच पडलं ना?

उलटं आहे. ड्यूक हे त्याच्या लहानपणीच्या कुत्र्याचं नाव, त्यावरून पोराला चिकटलं. पण १९३२-३३ मध्ये वॉर्नरसाठी त्यानं सहा स्वस्तातले वेस्टर्न केले आणि त्यातल्या पांढऱ्या घोड्याचं नाव ड्यूक ठेवलेलं, म्हणून हा घोळ.

त्या सहा पिक्चरची आतली गोष्ट भारी आहे. कंपनीकडे केन मेनार्डच्या जुन्या मूकपटांचे धावाधावीचे, मारामारीचे शॉट पडून होते, तेच परत वापरायचे ठरलं. मेनार्डचा टार्झन फिक्या रंगाचा, म्हणून वेनला पण तसाच घोडा दिला आणि कपडे मेनार्डसारखे शिवले. म्हणजे लांबून जो हिरो जिवावर उदार होऊन उडी मारतो तो मेनार्ड, आणि जवळ आल्यावर धूळ झटकतो तो वेन. घोडा मॅच झाला की अर्धा पिक्चर फुकटात.

पुढच्या मोठ्या काळात वेनचा असा एक घोडा नव्हता, भाड्याच्या तबेल्यातला मिळेल तो (प्रश्न ९). अगदी शेवटी डॉलर नावाचा तांबूस घोडा त्याला आवडला, तो वेनच्या मालकीचा नव्हता पण सिनेमात दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही असा करार त्यानं मालकाशी केला. १९७६ चा ‘द शूटिस्ट’ हा वेनचा शेवटचा पिक्चर, त्यात वेन त्याचं नाव घेऊन बोलतो.

९. एवढे घोडे यायचे कुठून? प्रत्येक हिरोकडे स्वतःचा होता का?

स्वतःचा घोडा बाळगणारे मोजकेच. बाकी सगळा धंदा लॉस एंजेलिसच्या आसपासच्या तबेलेवाल्यांच्या हातात. हडकिन्स बंधू, आणि त्यांच्याइतकाच मोठा फॅट जोन्स. घोडे, खेचरं, टांगे, बग्ग्या, खोगिरं, सोबत मोतद्दार आणि स्वार, सगळं भाड्यानं. सोमवारी एका पिक्चरमध्ये शेरीफचा असलेला घोडा गुरुवारी दुसऱ्या पिक्चरमध्ये दरोडेखोराचा.

यातला माझा आवडता स्टील, फॅट जोन्सचा. कपाळावर पांढरा पट्टा असलेला तांबूस घोडा. ग्रेगरी पेक, जोएल मॅक्रे, जॉन वेन, बेन जॉन्सन, सगळे त्याच्यावर बसलेत. ‘शी वोअर अ यलो रिबन’ मध्ये बेन जॉन्सन त्याला असा काही पळवतो की बाकी पिक्चर विसरून जावा. पोस्टरवर याचं नाव कुठेच नाही. माझं मत विचाराल तर ट्रिगरला जे मिळालं त्यातलं निम्मं तरी स्टीलला मिळायला हवं होतं.

१०. जेम्स स्टुअर्टच्या घोड्याबद्दल सांगा. घंटावाला सीन खरा आहे का?

खरा आहे आणि ट्रिक नाही. घोड्याचं नाव पाय. चेंगट दिसणारा, लहानखुरा, तांबूस. स्टुअर्ट सव्वासहा फूट उंच, म्हणून त्याचे पाय जरा खालीच लोंबतात, मुद्दाम बघा. १९५० च्या ‘विंचेस्टर ’७३’ पासून वीस वर्षं स्टुअर्ट जवळजवळ प्रत्येक वेस्टर्नमध्ये याच घोड्यावर. घोडा स्टीव्ही मायर्स या बाईंच्या मालकीचा, स्टुअर्टनं कितीदा विकत मागितला पण त्यांनी काही दिला नाही.

आता तो सीन. ‘द फार कंट्री’ मध्ये स्टुअर्टच्या खोगिराला एक छोटी घंटा बांधलेली असते, घोडा चालला की वाजते. शेवटी रात्री व्हिलन लोक घंटेच्या आवाजावर दबा धरून बसलेले, आणि रस्त्यावरून घोडा एकटाच चालत येतो, पाठीवर कोणी नाही. हे करायचं कसं? लगाम धरायला कोणी नाही, शेजारी चाबुकस्वार नाही, घोड्यानं संपूर्ण रस्ता सरळ, एका लयीत, न थांबता चालत यायचं. स्टुअर्ट सांगायचा की तो पायजवळ गेला, कानाशी काय ते बोलला आणि सोडून दिला. घोडा चालत गेला. एका टेकमध्ये.

१९७० च्या सुमारास न्यू मेक्सिकोत सँटा फेला शेवटचं शूटिंग, तिथली हवा विरळ, म्हाताऱ्या पायला झेपेना, दुसरा घोडा घ्यावा लागला. सोबत काम करणाऱ्या हेन्री फोंडाला चित्रकलेचा नाद होता, त्यानं पायचं चित्र काढून स्टुअर्टला दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाय गेला.

११. शिट्टी मारली की घोडा येतो, गाठ सोडतो, हे शिकवतात कसं?

शिट्टीवर बहुतेक येत नाही. तो येतो चाबुकस्वाराकडे, जो कॅमेऱ्याच्या जरा बाहेर उभा असतो. हातात चाबूक असतो पण मारायला नाही, इशाऱ्याला. वर उचलला की उभा राहा, खाली टेकवला की मान खाली घाल. घोड्याचे कान बघा, ते सहसा हिरोच्या दिशेनं नसतातच, फ्रेमबाहेरच्या माणसाकडे असतात. हिरो रडत डायलॉग म्हणतोय आणि घोड्याचं सगळं लक्ष भलतीकडे.

प्रश्न ४ मधल्या ग्लेन रँडलनंच १९५९ च्या ‘बेन-हर’ मधल्या रथाच्या शर्यतीचे घोडे पण तयार केले होते. वेस्टर्न नाही, पण माणूस किती मोठा ते कळावं म्हणून सांगितलं.

१२. घोडा धाडकन पडतो तेव्हा त्याला लागत नाही का? मला बघवत नाही.

कधीचा पिक्चर त्यावर उत्तर अवलंबून. १९४० च्या आधीचा असेल तर बघवत नाही हेच बरोबर आहे.

तेव्हा ‘रनिंग डब्ल्यू’ नावाची पद्धत होती. घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांना पट्टे, त्यांना बारीक तार, ती पोटाखालच्या कडीतून मागे जमिनीत गाडलेल्या खुंट्याला. घोडा चौखूर उधळला, तार संपली की पुढचे पाय खालून खेचले जातात आणि तो तोंडावर कोसळतो. त्याला बिचाऱ्याला काय होणार याची कल्पनाच नाही. पाय मोडायचे, माना मोडायच्या. १९३६ च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ मध्ये यानं इतके घोडे मेले की बोंबाबोंब झाली.

नंतरच्या काळात पडणारे घोडे वेगळे तयार करायला लागले. स्वार लगाम खेचून त्याची मान एका बाजूला वळवतो आणि वजन टाकतो, घोडा खांद्यावर कलून आडवा होतो. जिथे पडायचं तिथली जमीन आधी खणून वाळू-माती भुसभुशीत करतात, पडणाऱ्या बाजूची रिकीब मऊ असते म्हणजे स्वाराचा पाय चिरडत नाही. असा घोडा सोन्यासारखा जपायचे. जॉन वेनचा डबल चक रॉबर्सन याचा पडणारा घोडा फार नावाजलेला, त्याचं नाव कोकेन. हो, हेच नाव होतं.

१३. ‘कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ ही पाटी कुठून आली?

१९३९ च्या ‘जेसी जेम्स’ पासून सुरुवात धरा. मिसुरीत कड्यावरून घोड्यासकट नदीत उडी असा सीन होता, साधारण ७० फूट. घोडा स्वतःहून उडी मारणार नाही हे उघड, म्हणून कड्यावर घसरती फळी लावून त्याला ढकलला. घोडा मेला. लोक भयंकर चिडले, अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राणिदया संस्थेनं (ती पाटी यांचीच) लावून धरलं आणि १९४० पासून त्यांची माणसं सेटवर यायला लागली.

इथे एक मेख आहे जी बरेच जण विसरतात. हा अधिकार हॉलिवूडच्या सेन्सॉर कोडला जोडलेला होता. साठच्या दशकात तो कोड संपला आणि त्याबरोबर देखरेख पण ढिली पडली. म्हणजे १९५५ चा पिक्चर घोड्यांसाठी १९७५ च्या पिक्चरपेक्षा सुरक्षित असू शकतो! १९८० च्या ‘हेवन्स गेट’ मध्ये एक घोडा स्फोटात मेला, परत बोंब झाली, मग कलाकारांच्या युनियनच्या करारात देखरेख घातली.

१४. हिरो स्वतः बसायचे की डबल?

मिश्र. क्लोजअपमध्ये पळताना दिसणारा हिरो बऱ्याचदा घोड्यावर नसतोच, लाकडी-यांत्रिक घोड्यावर हलत असतो आणि मागे पडद्यावर डोंगर पळत असतात. पण टॉम मिक्स, केन मेनार्ड, जोएल मॅक्रे खरे स्वार. बेन जॉन्सन तर सगळ्यांचा बाप. ओक्लाहोमाहून हॉलिवूडला आला तोच घोडे पोचवायला, मग स्टंट करायला लागला, फॅट जोन्सची मुलगी केली, १९५३ मध्ये रोडिओत दोरफेकीचा जगज्जेता झाला आणि पुढे ऑस्कर पण घेतलं.

१५. नर की मादी? घोडी का दिसत नाही?

बहुतेक खच्ची केलेले घोडे. घोडी माजावर आली की आसपासचे नर बिथरतात, आणि वयात आलेला नर पन्नास घोड्यांच्या गर्दीत शांत राहील याचा भरवसा नाही. ट्रिगर अपवाद, तो खच्ची केलेला नव्हता आणि तरी इतका शहाणा. त्याची पिलावळ मात्र नाही, त्याला कधी घोडी दाखवलीच नाही. ‘ट्रिगरच्या वंशातला’ म्हणून कोणी घोडा दाखवला तर तो फारतर ट्रिगर ज्युनिअरचा.

१६. पालोमिनो ही जात आहे का? दोन पालोमिनोंपासून पालोमिनोच होतो ना?

जात नाही, रंग आहे. तांबूस घोड्यात रंग फिका करणारा एक जनुक एकाच बाजूनं आला की सोनेरी होतो. दोन पालोमिनो लावले तर साधारण निम्मी पिल्लं सोनेरी, पाव तांबूस आणि पाव जवळजवळ पांढरी, निळ्या डोळ्यांची. नेमका ट्रिगरसारखा डबल शोधणं तबेलेवाल्यांना का जड जायचं ते यावरून कळेल, आणि पायांवर, कपाळावर रंग लावून काम का भागवायचे ते पण.

१७. दारू पिऊन भिंतीला टेकलेला घोडा, तो कुठला?

‘कॅट बलू’, १९६५. स्वार ली मार्विन, घोडा स्मोकी. दोघेही टाइट, घोडा भिंतीला कलून पाय एकावर एक टाकून उभा. घोडा मनानं असा उभा राहत नाही, त्याला तोल जातोय असं वाटतं, म्हणून ते शिकवायला भयंकर वेळ जातो. मार्विनला ऑस्कर मिळालं तेव्हा तो स्टेजवर म्हणाला की यातला अर्धा वाटा सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या एका घोड्याचा आहे. माझ्या मते अर्ध्याहून जास्त.

१८. आपल्याकडे असा स्टार घोडा झाला का? धन्नो सोडून.

झाला, आणि मुंबईतच, धन्नोच्या चाळीस वर्षं आधी. परळला वाडिया मूव्हीटोन होतं. वाडिया बंधू हॉलिवूडच्या स्टंटपटांचे पक्के भक्त. १९३५ मध्ये त्यांनी ‘हंटरवाली’ काढला, हिरॉइन फिअरलेस नादिया, आणि तिचा घोडा ‘पंजाब का बेटा’. त्याचं नाव कलाकारांच्या यादीत यायचं, अगदी टोनीच्या थाटात. इथे फरक एवढाच की घोड्यावर बाई, आणि तिनं वाचवायचा तो पुरुष!

१९. बोलणारा मिस्टर एड यात धरायचा का?

वेस्टर्नमध्ये नाही धरत, ती टीव्हीवरची कॉमेडी. घोडा पालोमिनो, खरं नाव बॅम्बू हार्वेस्टर. पण या पानावर तो मागच्या दारानं येतोच. त्याचा आवाज दिला ॲलन ‘रॉकी’ लेननं, जो चाळीसच्या दशकात स्वतः रिपब्लिकचा वेस्टर्न हिरो होता आणि ज्याच्या ब्लॅक जॅकचं नाव पोस्टरवर त्याच्या शेजारी असायचं. मालिकेत मात्र लेनचं नाव पाटीवर नाही, आवाजाच्या जागी छापलेलं असायचं ‘स्वतः मिस्टर एड’.